वर्गात समजतं, पेपरात येत नाही

"सर, वर्गमा समजस, पेपरमा येत नही." जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत पहिल्या वर्षाचा गणिताचा निकाल लागला की स्टाफरूमच्या दारात ही तक्रार ठरलेली. "सराव कमी पडला" असं सांगून शिक्षक मोकळे होतात. पण पोरगं खोटं बोलत नसतं. वर्गात समजणं आणि पेपरात येणं ही मेंदूची दोन वेगवेगळी कामं आहेत. त्यातलं दुसरं कसं जमवायचं, हे बारावीपर्यंत बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

फळ्यावर गणित सुटत असताना पुढची पायरी कोणती हे सरांनी ठरवलेलं असतं. आपल्याकडे फक्त मान डोलवण्याचं काम. प्रत्येक पायरी पटते, म्हणून वाटतं की आलं. रात्री वहीत तेच उदाहरण पुन्हा वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळख पटली म्हणजे आपल्याला ते येतं, अशी समजूत होऊन बसते. आईला खापरावर मांडे टाकताना लहानपणापासून बघितलेल्या पोरीला पहिला मांडा हातावर घेतल्यावर जे कळतं, तेच या पोराला प्रश्नपत्रिका हातात आल्यावर कळतं.

हा भ्रम मोजलाही गेला आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बंद करून, आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. रात्रभर वही वाचून सकाळी पेपरला बसणाऱ्याला आपली पद्धत बरोबर का वाटते, याचं उत्तर त्या पहिल्या पाच मिनिटांत आहे.

गणितात याच्या जोडीला आणखी एक सापळा असतो, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांनीच लावलेला आहे. दहा जणांतून तिघांची समिती निवडायची असेल तर १२० प्रकार होतात. त्याच दहा जणांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडायचे असतील तर ७२०. दोन्ही प्रश्न दिसायला सख्खे भाऊ. फरक एवढाच की पहिल्यात क्रमाला किंमत नाही, दुसऱ्यात आहे. पण पुस्तकात पहिला प्रश्न एका उदाहरणसंग्रहात असतो आणि दुसरा वेगळ्या. संग्रहाचं नावच सूत्र सांगून टाकतं. मग विद्यार्थी वीस गणितं सोडवतो आणि ‘इथे कोणतं सूत्र लावायचं’ हा निर्णय एकदाही घेत नाही. परीक्षेत नेमका तोच निर्णय घ्यावा लागतो, कारण तिथे गणिताच्या डोक्यावर धड्याचं नाव नसतं.

रोहरर आणि टेलर या दोन संशोधकांनी २००७ मध्ये हेच तपासलं. चार वेगळ्या आकारांच्या घनाकृतींचं घनफळ काढायचं होतं. एका गटाने एकेका आकाराची गणितं ओळीने सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सराव करताना ओळीने सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा झाली, तेव्हा पहिल्या गटाला २० टक्के मिळाले आणि दुसऱ्याला ६३. आकडे सावकाश पुन्हा वाचावेत असे आहेत. सराव करताना जो गट अडखळत होता, तोच आठवड्याने तिपटीहून पुढे होता. एखाद्या संध्याकाळी पटापट उत्तरं सुटली म्हणून खूश होण्यात काय धोका आहे, हे याहून स्पष्ट कुठे दिसेल?

मग मुलांना अभ्यास कसा करायचा ते शिकवा, असं कुणीही म्हणेल. शिकवतातही. सत्र सुरू झालं की सभागृहात एक व्याख्यान होतं: पहाटे उठा, वेळापत्रक करा, मोबाईल बाजूला ठेवा, मन एकाग्र करा. टाळ्या होतात, वक्त्याला शाल-श्रीफळ मिळतं आणि दुसऱ्या दिवशी मॅट्रिक्सच्या तासाला पोरं जिथल्या तिथे असतात. माझं स्पष्ट मत आहे की अशा व्याख्यानांवर कॉलेजांनी वेळ घालवू नये. अभ्यासाची पद्धत कुठल्या तरी विषयाला चिकटलेली असावी लागते. ‘स्वतःची परीक्षा घ्या’ हे वाक्य ऐकून काही होत नाही; आज शिकवलेली मॅट्रिक्सची तीन गणितं वही मिटून तिथेच सोडवायला लावली, तर होतं.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत या जोडणीचा प्रयोग झाला आहे. ही स्वस्त, दोन वर्षांची कॉलेजं. गणित कच्चं असलेल्यांना तिथे आधी पायाभूत गणिताचा वर्ग करावा लागे आणि त्यातच निम्मीशिम्मी मुलं गळत. ह्यूस्टनमध्ये सर्वांत खालच्या पातळीचं गणित आणि अभ्यास-कौशल्यांचा वर्ग एकत्र बांधला, म्हणजे तीच मुलं दोन्ही वर्गांना एकत्र बसणार. कोणाला जोडवर्ग आणि कोणाला साधा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, त्यामुळे हुशार मुलंच तिकडे गेली असा आक्षेप राहिला नाही. जोडवर्गातली मुलं त्या सत्रात गणितात जास्त प्रमाणात पास झाली. पण २०११ साली आलेल्या अहवालात पुढची हकीकतही आहे: सत्र संपलं, जोडणी सुटली आणि नंतर साध्या वर्गातल्या मुलांनी त्यांना बऱ्यापैकी गाठलं. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. एका सत्रात लागलेली सवय आपोआप आयुष्यभर टिकेल, ही अपेक्षाच जास्तीची होती.

असा गणिताला जोडलेला अभ्यासाचा तास, म्हणजे जोडतास, आपल्याकडे घ्यायचा, तर त्यात नेमकं काय करायचं? सुरुवातीला वही बंद आणि पाच गणितं: दोन या आठवड्याची, तीन जुनी, धड्याचं नाव न देता. सोडवण्याआधी प्रत्येकाने ‘माझी किती बरोबर येतील’ तो आकडा कोपऱ्यात लिहायचा. पहिले काही आठवडे आकडा आणि निकाल यांच्यात बरंच अंतर पडतं, आणि शिक्षकाने न बोलता मुलाला स्वतःची चूक दिसते. मग चुकांची वही. त्यात गणित पुन्हा उतरवायचं नाही. चूक चिन्हाची, सूत्र निवडण्याची की प्रश्न वाचण्याची, एवढंच लिहायचं. दहावीपर्यंत मराठीतून शिकून आलेल्या मुलांच्या वहीत प्रश्न वाचण्याच्या चुका जास्त निघाल्या, तर त्या मुलांना गणिताच्या जादा तासापेक्षा इंग्रजी प्रश्न उलगडून वाचण्याची गरज आहे. पास-नापासच्या यादीवरून हे कधीच कळत नाही.

उरलेला वेळ तिघा-चौघांनी मिळून एक अवघड गणित सोडवायचं. अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्राइसमन या गणितज्ञांनी १९७० च्या दशकात पाहिलं की कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाला कमी नव्हते, पण ते एकेकटे अभ्यास करत. चिनी वंशाची मुलं आपापलं सोडवून मग एकत्र बसत, एकमेकांची उत्तरं तपासत. ट्राइसमन यांनी ‘कच्च्यांचा जादा तास’ काढला नाही. उलट अवघड गणितांची कार्यशाळा काढली, आणि तिथल्या मुलांचे निकाल सुधारले. ‘ढ मुलांचा वर्ग’ अशी पाटी एकदा लागली की आपल्याकडची पोरं तिकडे फिरकत नाहीत, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

शिकवण्याची ही तऱ्हा खान्देशाला परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याची ती नोंद. आणि भास्कराचार्यांची लिहिण्याची रीत अशी की दोन ओळींत नियम सांगायचा आणि लगेच वाचणाऱ्यालाच प्रश्न टाकायचा: येत असेल तर सांग बरं. नुसतं वाचून पुढे जायची सोय त्यात नाही.

राहिला वेळापत्रकाचा प्रश्न, आणि बहुतेक योजना तिथेच मरतात. यावल, चोपडा, शिरपूर, साक्रीकडून अप-डाऊन करणारी मुलं शेवटच्या तासाला अर्धं लक्ष एसटीकडे ठेवून बसलेली असतात. जोडतास दिवसाच्या शेवटी ठेवला तर तो फक्त हॉस्टेलच्या मुलांचा होईल, आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे ती स्टँडवर असतील. तो गणिताच्या तासाला लागून, सकाळीच हवा, आणि दुसऱ्या सत्रातही हवा. जागा करण्यासाठी अभ्यासक्रमातली चार-पाच उदाहरणं फळ्यावर सोडवायची राहिली तरी चालेल.