प्रतिकृतीतून तैल व्यक्तिचित्रण (कोकण)

जुन्या नामवंत चित्रकाराच्या व्यक्तिचित्राची तैलरंगात प्रतिकृती करत व्यक्तिचित्रण शिकण्याची पद्धत. बोलीत नुसते ‘कॉपी करणे’. या शब्दाला उगाच वाईट वास येतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १७९३ पासून कॉपी करणाऱ्यांना रीतसर जागा आहे. अट एवढीच, की प्रतिकृती मूळ चित्रापेक्षा निदान एक-पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ दरम्यान विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच १८८५ मध्ये लंडनला आगीत गेल्या, पण त्या कामात पेस्तनजी बोमनजींसारख्या व्यक्तिचित्रकारांचे हात तयार झाले. सावंतवाडीत जन्मलेले सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) हे कोकणातले या क्षेत्रातले ठळक नाव.

कोकणातल्या विद्यार्थ्यापुढे मूळ चित्र नसते. असते ती छापील प्रत, नाहीतर मोबाइल. छपाईत गडद छटा एकमेकींत मिसळतात, पडद्यावर त्या नको तेवढ्या उजळतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे आहेत. कॉपीला बसण्यापूर्वी ती एकदा जवळून पाहून यावीत.

सरावाला सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचे ‘मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी’ (सु. १६६५) सोयीचे. आकार जेमतेम ४४.५ × ३९ सेंमी., उजेड एकाच बाजूने. आधी चौकोन आखून रेखाटन, मग बर्न्ट अंबर (भाजलेल्या मातीचा गडद तपकिरी रंग) टर्पेंटाईनमध्ये पातळ करून छायाप्रकाश, तो वाळल्यावर त्वचेचे रंग आणि शेवटी पारदर्शक थर. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटे केले तर रंगाला तडे जातात. खरी शिकवणी या क्रमात आहे. नाक-डोळे हुबेहूब उतरले आणि थर चुकले, तर हाती फक्त चेहरा लागतो.

मोत्यापाशी नवशिका हमखास फसतो. तो गोल काढतो आणि रंगवत बसतो. मूळ चित्रात मोत्याला धड कडा नाही, कानात अडकवायचा आकडाही नाही: वर पांढऱ्या रंगाचा एक जाड ठिपका, खाली पांढऱ्या गळपट्टीचे मऊ प्रतिबिंब, संपले. पार्श्वभूमीही मुळात अशी काळी नव्हती. काळ्यावर नीळ आणि पिवळ्या वनस्पतिरंगाचा पारदर्शक हिरवा थर होता, तो पुढे बिघडला. तेव्हा आजचा काळोख उतरवायचा की व्हर्मीरचा हिरवा, हे आधीच ठरवावे. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या खेपेस दिसते तेच रंगवावे.

तैलरंगातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो रंग लवकर वाळतो, काळा रेंगाळतो. त्यामुळे एका जागी वरून हात लावून सगळे चित्र वाळल्याचा अंदाज घेण्यात अर्थ नाही. जून ते सप्टेंबरात आणखी एक कटकट: सरस लावलेला कॅनव्हास दमट हवेत सैल पडतो आणि चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकाव्या लागतात. ओल आलेल्या चिऱ्याच्या भिंतीला तो टेकवून ठेवला, तर पाठीवर बुरशी धरते. पावसाळाभर माजघराच्या अंधारात राहिलेल्या चित्रातला पांढरा पिवळट दिसू लागतो. हा तेलाचा गुण. पावसानंतर चित्र खिडकीजवळ, पण थेट उन्हात नव्हे, काही आठवडे ठेवले की पिवळटपणा बराचसा उतरतो.