शहरचित्रं रंगवताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाकीट उघडल्यावर लगेच रंग हातात घेऊ नका. आधी सगळी २४ पानं सावकाश चाळा. अरुंद गल्ली आहे, चौक आहे, नदीवरचा पूल आहे, रेल्वे स्टेशन आहे, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या गच्च्या आहेत, पावसात भिजलेला रस्ता आहे, रात्रीच्या उजळलेल्या खिडक्या आहेत. ज्या पानावर नजर रेंगाळेल तेवढं एकच बाहेर काढा आणि बाकीची परत पाकिटात ठेवा. समोर एकच पान असलं की मन त्यात लवकर रमतं, हा आमचा नेहमीचा अनुभव.

"चित्रकलेशी माझा कधी संबंधच आला नाही, मला जमेल का?" हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. जमेल. चित्राची मांडणी, रेषा, इमारतींची उंची, रस्त्याचं वळण हे सगळं आधीच कागदावर आहे. तुमच्याकडे उरतो तो फक्त रंग.

शहरच का?

फूल रंगवायला घेतलं तर प्रत्येक पाकळीला वेगळी छटा हवी असते. डोंगर किंवा समुद्र घेतला तर एवढी मोठी मोकळी जागा कशी भरायची, इथेच हात थबकतो. शहराचं तसं नाही. एक खिडकी, तिच्याशेजारी तशीच दुसरी, मग तिसरी. खाली कमानी, वर कठडा, कठड्याला एकाआड एक गज. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या निळ्या, एवढं एकदा ठरलं की पुढची १५-२० मिनिटं काही ठरवावंच लागत नाही. हात आपोआप चालू लागतो, श्वासही संथ होतो. दिवसभर आपण सतत काही ना काही निवडत असतो, ठरवत असतो. त्यातून मिळणारी ही सुट्टी आहे. आमची सगळी चित्रं याच विचाराने काढलेली आहेत.

याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. नॅन्सी करी आणि टिम कॅसर या अमेरिकन संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी विद्यार्थ्यांच्या मनावर थोडा ताण येईल असं केलं, मग त्यांचे ३ गट करून रंगवायला बसवलं. काहींना गोलाकार मंडल दिलं, काहींना आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकट, काहींना नुसता कोरा कागद. कोऱ्या कागदापेक्षा मंडल आणि चौकट रंगवणाऱ्यांची चिंता जास्त उतरली. त्या प्रयोगात शहराची चित्रं नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. पण इमारतीचा दर्शनी भाग म्हणजे तरी काय, आडव्या-उभ्या रेषांची चौकटच. म्हणून हा प्रयोग आम्हाला जवळचा वाटतो. रंगवणं हा औषधाला किंवा समुपदेशनाला पर्याय नाही. मन फार खचलेलं असेल तर डॉक्टरांकडे जा. पान कुठे जात नाही, नंतरही रंगवता येईल.

सुरुवात एका खिडकीपासून

पानाच्या मधोमध नको, कडेची एखादी खिडकी घ्या. पेन्सिल टोकापासून थोडी लांब धरा, म्हणजे दाब आपसूक कमी पडतो. आधी चौकटीच्या आतल्या कडेने एक हलकी रेघ फिरवा. ती कुंपणासारखी काम करते, नंतर हात थोडा सैल सुटला तरी रंग बाहेर जात नाही. मग आतला भाग एकाच दिशेने, अगदी फिका भरा. थांबा, बघा. त्यावरच दुसरा थर द्या, या वेळी तिरका. कागदाचे पांढरे दाणे हळूहळू बुजत जातात आणि रंग गडद होतो. एकदम जोर लावून भरलेला रंग आणि ३ हलक्या थरांनी चढवलेला रंग शेजारी ठेवून बघा, फरक लगेच कळेल. जोराने भरलेला रंग खोडरबरने निघत नाही आणि त्याच्यावर दुसरा रंगही नीट बसत नाही.

आता त्या काचेत काय दिसतं तेही बघा. भर दिवसा रस्त्यावरून पाहिलं तर बहुतेक खिडक्या आतून काळसर दिसतात, कारण बाहेरच्या उन्हाच्या मानाने खोलीत प्रकाश फारच कमी असतो. वरच्या मजल्यांच्या काचांत मात्र आकाशाचं प्रतिबिंब पडतं, म्हणून त्या फिकट निळ्या किंवा पांढुरक्या दिसतात. खालच्या खिडक्या गडद करड्या आणि वरच्या फिकट निळ्या एवढं केलंत तरी इमारत खरी वाटायला लागते. आमच्या मते पूर्ण चित्रात सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडतो.

५ रंग पुरे

४८ पेन्सिलींचा डबा उघडला की प्रत्येक भिंतीला वेगळा रंग द्यायचा मोह होतो. तसं केलेलं चित्र शेवटी बिथरल्यासारखं दिसतं आणि रंगवणाराही दमतो. डब्यातून ५ पेन्सिली काढून डबा मिटा: भिंतींसाठी २, छपरांसाठी १, आकाश आणि काचांसाठी १ आणि सावलीसाठी १ गडद.

खरी शहरंही अशीच थोडक्या रंगांत नटलेली असतात. जुन्या वस्त्यांमध्ये पिवळसर, तांबूस, विटकरी रंग पुन्हापुन्हा दिसतात, कारण गेरूसारखी लोहयुक्त माती सहज मिळायची आणि उन्हात तिचा रंग उडत नाही. मोरोक्कोतलं शेफशावन निळ्या भिंतींसाठी ओळखलं जातं, आपल्याकडे जोधपूर. जयपूरला १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी गुलाबी रंग दिला गेला आणि ती ओळख आजही टिकून आहे. एकाच रंगाच्या ३-४ छटांमध्ये पूर्ण पान करून बघा. यात चुकायला जागाच उरत नाही, म्हणून नवशिक्यांना आम्ही हेच आधी सुचवतो.

ऊन, सावली आणि लांबच्या इमारती

ऊन कुठून येतंय ते आधीच ठरवा आणि समासात त्या बाजूला पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्या. मग डोकं चालवायची गरज नाही. ठिपक्याकडची भिंत उजळ, विरुद्ध बाजूची एक थर जास्त गडद, छज्जाखाली बारीक सावली. सावलीला काळा रंग मात्र वापरू नका, चित्र मळकट होतं. भिंतीच्याच रंगावर हलका निळा किंवा जांभळा फिरवा. मोकळ्या आकाशाखाली सावलीत सूर्याचा थेट प्रकाश पोचत नाही, पण निळ्या आकाशाचा पोचतो, म्हणून खऱ्या सावल्याही निळसर असतात.

लांबच्या इमारतींसाठी पेन्सिल जेमतेम टेकवा. मधल्या हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो, त्यामुळे दूरच्या वस्तू फिकट आणि निळसर दिसतात. रस्ता दूर जाताना निमुळता होत एका बिंदूत मिळतो, ती युक्ती रेषांमध्ये आधीच आहे. सुमारे ६०० वर्षांपूर्वी फ्लॉरेन्समध्ये फिलिपो ब्रुनेलेस्कीने तिथल्या एका अष्टकोनी चर्चचं चित्र काढून, त्याला भोक पाडून, आरशात बघायला लावून ती लोकांना पटवून दिली होती. तिला रंगाची साथ तेवढी तुम्ही द्यायची: पुढे गडद, मागे फिकट.

पावसाच्या पानावर ओल्या रस्त्यातलं प्रतिबिंब उभं ओढा, आडवं नको. दिव्याच्या बरोबर खाली त्याच रंगाची लांब, थोडी थरथरती पट्टी आली की रस्ता ओला दिसतो. रात्रीच्या पानावर उजळलेल्या खिडक्यांचा पिवळा सगळ्यात आधी भरा आणि मगच भोवतीचा काळोख. पेन्सिलीच्या गडद रंगावर पिवळा चढवला तर तो दिसत नाही.

कागद आणि रंग

आमचा कागद १६० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन १६० ग्रॅम) आहे आणि छपाई एकाच बाजूला आहे. रंगपेन्सिली, तेलखडू आणि पाण्याच्या शाईची स्केचपेनं त्याच्यावर छान चालतात. स्केचपेनने एकाच जागी पुन्हापुन्हा घासू नका, कागदाचा लगदा सुटतो. अल्कोहोलच्या शाईचे मार्कर मागे उमटतातच, म्हणून खाली एक जाड रद्दी कागद घाला आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा. जलरंगांसाठी हा कागद नाही. पाणी लागलं की तो लाटांसारखा फुगतो. त्यासाठी ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद लागतो.

मेणाच्या पेन्सिलीने खूप दाट रंगवलं तर काही दिवसांनी वर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसते. रंग बिघडलेला नसतो. मऊ सुती कापड अलगद फिरवा, ती निघून जाते. आणि पेन्सिल जमिनीवर पडू देऊ नका. बाहेरून काही कळत नाही, पण आतली कांडी ठिकठिकाणी मोडते, आणि मग टोक काढताना प्रत्येक वेळी तुटत राहते.

कोणासाठी कोणतं पान

पहिल्या वेळी आमच्याकडून एक चूक झाली होती. आम्ही खिडक्या फार बारीक काढल्या, काही तर जेमतेम ३ मिलिमीटरच्या. एका आजींनी पान परत पाठवलं. एकच इमारत रंगवलेली होती, अतिशय नेटकी, एकही रेघ बाहेर गेलेली नाही. बाकी सगळं पान कोरं. सोबतच्या चिठ्ठीत दोनच वाक्यं होती: "आवडलं. पण डोळे दुखतात." ते पान अजून आमच्या टेबलासमोर लावलेलं आहे. त्यानंतर आम्ही १० पानं नव्याने काढली. त्यांतली सगळ्यात लहान खिडकी ८ मिलिमीटरची आहे, रेषाही जाड आहेत. या पानांच्या वरच्या कोपऱ्यात छोटं वर्तुळ छापलेलं आहे. वयस्कर मंडळींनी आणि लहान मुलांनी तिथूनच सुरुवात करावी.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्या-हिरव्या जवळच्या छटा वेगळ्या ओळखणं कठीण जातं. शेजारी शेजारी येणारे रंग एकमेकांपासून ठळक वेगळे निवडले तर त्रास होत नाही. बोटं आखडत असतील किंवा हात थरथरत असेल तर जाड, त्रिकोणी पेन्सिली घ्या. उजव्या हाताने रंगवणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, डावखुऱ्यांनी उजवीकडे, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. दर २० मिनिटांनी मान वर करून २० सेकंद लांब कुठेतरी बघा.

घरात कोणाला लाल-हिरव्यात गल्लत होत असेल तर ज्यांच्यावर रंगाचं नाव छापलेलं असतं अशा पेन्सिली आणा. नाहीतर प्रत्येकीवर छोटी चिठ्ठी चिकटवा. मोठी माणसं हे संकोचाने सांगत नाहीत, पण चिठ्ठ्या लावल्यावर तीच माणसं तासभर बसून रंगवताना आम्ही पाहिली आहेत.

लहान मुलांना "रेषेबाहेर जाऊ नकोस" असं कृपया सांगू नका. ४-५ वर्षांच्या मुलाचा हात अजून तयार होत असतो. त्याला आकाश द्या, रस्ता द्या, मोठी भिंत द्या, आणि खिडक्या तुमच्याकडे ठेवा. एकाच पानावर आजोबा आणि नात अशी कामं वाटून घेऊन बसले की गप्पाही आपोआप सुरू होतात: या खिडकीत कोण राहतं, ही बस कुठे निघाली, या गच्चीवर कपडे कोणाचे वाळताहेत. भिंत जांभळी केली तर जांभळी राहू द्या.

पान अर्धवट राहिलं तर

राहू द्या. एका बैठकीत एक इमारत झाली तरी भरपूर आहे. मात्र उठण्याआधी पानाच्या मागे तारीख आणि वापरलेल्या पेन्सिलींचे क्रमांक लिहून ठेवा. महिन्याभराने परत बसलात तर भिंतीचा तोच रंग नेमका सापडेल. पूर्ण झालेलं पान भिंतीवर लावायचं असेल तर थेट ऊन येणारी जागा टाळा. गुलाबी आणि जांभळे रंग बहुधा सगळ्यात आधी उडतात.

एखादं पान फाटलेलं किंवा शाई पसरलेलं निघालं तर पाकिटाच्या मागे छापलेला क्रमांक आणि पानाचं नाव आम्हाला कळवा. तेवढं एक पान आम्ही पुन्हा छापून पाठवतो. खराब पान परत पाठवायची गरज नाही. रंगांची जोडी कशी दिसेल ते आजमावायला ते जवळच ठेवा.