रेन लिली की लव्हाळा? पात्यावरून नको, बुडावरून ओळखा

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस झाले की कुंड्यांत आणि वाफ्यांत अरुंद, हिरवी पाती डोकं वर काढतात. त्यातली काही रेन लिलीची असतात, काही लव्हाळ्याची. फूल किंवा तुरा येईपर्यंत घोळ दोन्ही बाजूंनी होतो. कुणी तण समजून लिली उपटतं, तर कुणी लिली समजून लव्हाळ्याला शेणखत घालतं. पहिली चूक परवडते, कारण उपटलेला कांदा त्याच दिवशी परत लावला तर जगतो. दुसरी मात्र पुढची दोन-तीन वर्षं निस्तरावी लागते.

वरून नुसतं बघत बसण्यापेक्षा बूड बोटांत धरा. तुरा धरणारा लव्हाळ्याचा दांडा तीनधारी असतो. अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवला की कडा स्पष्ट लागतात, आणि त्याला कुठेही पेर नसतं. पाती बुडापासून तीन दिशांना फुटतात, मधोमध घडी पडलेली, वर चकाकी, टोक अणकुचीदार. तुरा तांबूस-जांभळट, बारीक चपट्या कणसांचा. रेन लिलीची पाती थेट जमिनीतल्या कांद्यातून निघतात. फुलाचा दांडा गोल आणि पोकळ, त्यावर एकच कळी. पांढऱ्या लिलीची पाती जाडसर आणि जवळजवळ गोल असल्यामुळे ती सहसा फसवत नाही. गल्लत होते ती गुलाबी लिलीशी, कारण तिची पाती चपटी असतात.

तरीही शंका असेल तर बुडाशी दोन इंच माती बाजूला करा. लिलीखाली तपकिरी, कागदासारख्या सालीचा, लांब मानेचा छोटा कांदा मिळेल, साधारण दीड ते तीन सेंटिमीटर जाडीचा. लव्हाळ्याखाली कठीण, काळपट, वेडीवाकडी गाठ मिळते. तिच्यापासून दोऱ्यासारखी बारीक काडी निघून पुढच्या गाठीला जोडलेली असते, तिथून त्याच्या पुढच्या. गाठ नखाने खरवडा, आत पांढरट गर दिसेल आणि लगेच उटण्याचा वास येईल. उटण्यात पडतो तो नागरमोथा म्हणजे ह्याच गाठी. वास घ्या, पण कुठलाही कांदा चाखून पाहू नका. रेन लिलीच्या कांद्यात लायकोरीन नावाचं विषारी द्रव्य असतं आणि त्याने उलट्या होतात. पातीचा कांदा आणि ही लिली शेजारी शेजारी लावू नये ती त्यामुळेच. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर जास्तच जपा.

लिलीची निगा

कांदे एप्रिल-मेमध्ये लावले तर पहिल्याच पावसाळ्यात फुलं मिळतात. आठ इंची कुंडीत आठ-दहा कांदे, एकमेकांपासून दीड-दोन इंचांवर. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा. मान मातीच्या पातळीला येईल इतपतच खोल. जास्त खोल गेलेला कांदा पाती देतो आणि फुलाला उशीर लावतो. ऊन किमान चार-पाच तास हवं. सावलीतल्या बाल्कनीत पाती लांब होऊन लोळतात आणि कळ्या धरत नाहीत.

फुलं येण्याची खरी किल्ली पाण्याच्या ताणात आहे. दोन-तीन आठवडे माती कोरडी राहिली आणि मग भरपूर पाणी मिळालं की चार-सात दिवसांत कळ्या वर येतात. म्हणून वळवाच्या सरीनंतर अख्खी कुंडी एकदम फुलते, आणि रोज थोडं थोडं पाणी मिळणारी कुंडी नुसती हिरवीगार राहते. ‘पाती भरपूर, फूल एकही नाही’ ह्या तक्रारीमागे बहुतेक वेळा रोजचं पाणी, नाहीतर युरियासारखं नत्र असतं. खत द्यायचंच तर पावसाळ्याच्या सुरुवातीला मूठभर शेणखत आणि एक चमचा हाडांचा चुरा पुरे. पांढरी लिली ताणाची फारशी वाट बघत नाही, ओल सोसते, आणि तिचा बहर मुख्यतः ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो.

फूल एक-दोन दिवस टिकतं, ढगाळ हवेत नीट उघडतही नाही. तो तिचा स्वभाव आहे, रोग समजून औषधं मारू नका. खरा शत्रू म्हणजे काळ्या अंगावर लाल, पांढरे, पिवळे ठिपके असलेली अळी. पावसाळ्यात ती थव्याने येते आणि दोन रात्रींत पाती बुडापर्यंत खाते. संध्याकाळी टॉर्च घेऊन हाताने वेचा, साबणाच्या पाण्यात टाका. कांदा शाबूत असेल तर पाती पुन्हा फुटतात. कुंडी गच्च भरली म्हणून घाईने कांदे वेगळे करू नका. दाटीत ही लिली चांगली फुलते. तीन-चार वर्षांनी, फुलं कमी व्हायला लागल्यावर, उन्हाळ्यात काढून विभागा.

लव्हाळ्याची गाठ

वरच्या निगेतलं जवळजवळ सगळं लव्हाळ्याला मानवतं. कोरडं पडलं तरी गाठी जिवंत राहतात, ओल मिळाली की फुटतात, आणि विभागणी तर तो स्वतःच करतो. नुसती पाती उपटली की काडी तुटते आणि खालच्या गाठी मोकळ्या होतात. साखळीतल्या पुढच्या कोंबाचा मागच्या गाठींवर दाब असतो. तो गेला की निजलेले डोळे फुटतात. एका पात्याच्या जागी चार दिसायला लागतात ते त्यामुळे. खुरप्याने गाठींचे तुकडे केले तरी तोच परिणाम.

लिलीच्या कुंडीत तो शिरतो मुख्यतः नर्सरीच्या मातीतून किंवा अर्धवट कुजलेल्या खतातून. उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही: उन्हाळ्यात, माती कोरडी असताना कुंडी उपडी करा, लिलीचे कांदे वेगळे काढून धुवा, मुळांत अडकलेली प्रत्येक काडी तोडून टाका आणि नव्या मातीत लावा. जुनी माती चाळून पातळ थरात कडक उन्हात आठ-दहा दिवस पसरा आणि रोज हलवा. मोकळी पडून सुकलेली गाठ मरते, ढेकळात लपलेली वाचते. निघालेल्या गाठी घरच्या कंपोस्टमध्ये कधीच टाकू नका. थंड ढिगात त्या मजेत राहतात.

जमिनीवरच्या वाफ्यात सगळं उपसणं शक्य नसतं. तिथे वेळेचं गणित चालतं. कोंब वर आल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात. तेव्हा दर पंधरा दिवसांनी, ओल्या मातीत, अणकुचीदार खुरप्याने गाठीसकट काढत राहिलं तर जुन्या गाठींचा साठा संपत जातो. एक महिना खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. काळं प्लॅस्टिक अंथरणाऱ्यांची इथे निराशा होते, कारण टोकदार कोंब ते भोकसून वर येतो. त्याचा कच्चा दुवा सावली आहे. दाट पानांच्या झाडाखाली तो रोडावतो. लिलीलाही ऊनच लागत असल्यामुळे हा उपाय लिलीच्या वाफ्यात चालत नाही, पण वाफा रिकामा असताना तिथे एक हंगाम चवळी दाट पेरून ठेवता येते. ग्लायफोसेटसारखं तणनाशक लिलीलाही मारतं, म्हणून मिश्र वाफ्यात त्याचं नाव नको.

उटण्यासाठी किंवा धुपासाठी नागरमोथा मुद्दाम लावणारेही आहेत, आणि त्यात वावगं काही नाही. फक्त बारा इंची कुंडी फरशीवर ठेवा, मातीवर नको. खालच्या भोकातून काडी बाहेर पडली की ती थेट बागेत जाते. चार-पाच गाठी, भरपूर ऊन, पावसाळाभर ओल. खत नाही दिलं तरी चालतं. दिवाळीनंतर पाती पिवळी पडली की पाणी तोडा, माती सुकल्यावर कुंडी उपडी करा, गाठी धुऊन बारीक मुळ्या चोळून काढा आणि सावलीत खडखडीत वाळवा. ती माती मात्र दुसऱ्या कुठल्याच झाडाला वापरू नका.