खानदेशातली छोट्या गावची मंडळी

ख्रिस्ती घरात मंडळी म्हणजे रविवारी भक्तीला जमणारी माणसं, इमारत ती चर्च. हा फरक धरला नाही तर छोट्या गावच्या मंडळीचा इतिहास हाती लागतच नाही, कारण लोक कोनशिलेवरची तारीख आणि मिशनरी साहेबाचं नाव टिपून घेतात आणि ज्यांनी मंडळी खरी चालवली ते वडील राहूनच जातात.

वडील म्हणजे नुसते वयाने मोठे नाहीत, मंडळीने निवडलेले कारभारी. मूळ ग्रीक शब्द प्रेस्बुतेरोस, मराठी बायबलात त्याला वडील म्हटलंय, आणि प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचं नाव त्याच शब्दावरून पडलं. १५६० च्या धर्मसुधारणेपासून, म्हणजे पोपची सत्ता झुगारली तेव्हापासून, स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि त्याच्यानंतरच्या लोकांनी ही रीत रुजवली. वर बिशप नाही, गावात पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आणि वडील मिळून सेशन ही कारभारी सभा, आसपासच्या मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी ही वरची सभा, आणि तिथं पाळकांच्या बरोबरीने वडीलही बसतात, मत देतात.

महाराष्ट्रात ही परंपरा स्कॉटिश मिशनसोबत आली. जॉन विल्सन १८२९ ला मुंबईत पोचले. कोल्हापूर-सांगलीकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन होते, मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल त्यांचंच. १९२४ ला या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया या संयुक्त चर्चमध्ये (इथं चर्च म्हणजे इमारत नाही, मंडळ्यांची संघटना) गेल्या आणि १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात.

खानदेशाची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट सांगायला हवी. इथं मुख्य काम अलायन्स मिशनांचं, भुसावळ-जळगाव-चाळीसगाव पट्ट्यात क्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स आणि पश्चिमेला नंदुरबार-नवापूरकडे भिल्ल-मावची लोकांत स्कँडिनेव्हियन लोकांनी उभारलेली मिशनं. त्यामुळे सरसकट सगळ्यांना प्रेस्बिटेरियन म्हणणं चूक, पण वडील नेमायचे आणि मंडळीचा कारभार त्यांच्यावर सोपवायचा ही रीत इथंही दिसते. भुसावळ जंक्शन असल्याने रेल्वेत बदलून आलेली कुटुंबंही मंडळीत मिसळतात, म्हणजे एकाच बाकावर घरी अहिराणी बोलणारं माणूस आणि लांबच्या गावाहून आलेलं माणूस बसलेलं असतं.

मंडळी जवळून बघायची तर कापणीच्या सणाला जावं. लोक शेतातलं पहिलं पीक आणतात, ज्वारीची कणसं, केळीचा घड, वांगी, कापूस, कुणी जिवंत कोंबडी, सगळं पुढे टेबलाजवळ मांडतात आणि भक्ती झाली की तिथंच लिलाव होतो. एक वडील वस्तू हातात धरून बोली पुकारतात, दुसरे वहीत नाव आणि रक्कम लिहितात. भरताच्या चार वांग्यांना बाजारात मिळणार नाही असा भाव येतो, कधी घेणारा तीच वांगी परत टेबलावर ठेवतो आणि पुन्हा बोली लागते. त्या पैशातून पाळकांचा पगार निघतो, पावसाळ्याआधी पत्रे बदलले जातात. इतिहास लिहिणाऱ्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या रजिस्टरांसोबत ही लिलावाची वहीसुद्धा मागून घ्यावी, कुठल्या वर्षी पाऊस झाला नाही हे तिच्यातल्या रकमांवरून कळतं.