हायड्रोजनने बोल्ट तुटणं वेगळं, फटीग क्रॅक पळणं वेगळं

हायड्रोजनमुळे स्टील गेलं की सगळे सरळ एम्ब्रिटलमेंट, म्हणजे धातू ठिसूळ होणं, म्हणून मोकळे होतात, पण यात दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

बोल्टचं आधी. 12.9 ग्रेडचा, म्हणजे खूप कडक स्टीलचा बोल्ट, पिकलिंग (ॲसिडने साफ करणं) नाहीतर झिंक प्लेटिंग करताना आत हायड्रोजन शिरला, टाइट केला तेव्हा काहीच नाही, आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, लोड तेवढाच असताना तुटला. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजवर मार्च 2013 मध्ये 96 अँकर रॉड (लांब जाड बोल्टच) टाइट केले आणि दोनेक आठवड्यांत त्यातले 32 तुटले, तेही हायड्रोजननेच. इथे लोड वरखाली व्हावा लागत नाही, सगळा खेळ हार्डनेसचा, स्टील जितकं कडक तितका धोका जास्त. म्हणून प्लेटिंग झाल्या झाल्या 200 डिग्रीच्या आसपास काही तास बेकिंग करून हायड्रोजन बाहेर काढतात, किंवा स्टीलच कमी हार्डनेसचं घेतात.

आता फटीग, म्हणजे लोड पुन्हापुन्हा वरखाली होऊन क्रॅक वाढत जाणं, आणि मला जास्त काळजी याचीच वाटते कारण हे मऊ स्टीललाही सोडत नाही. हायड्रोजन गॅसची पाइपलाइन घ्या, एक्स52 सारखं साधं स्टील, टेन्साइल टेस्ट केली, म्हणजे तुटेपर्यंत ओढून बघितलं, तर हायड्रोजनमध्येही स्ट्रेंग्थ जवळपास तीच येते, त्यामुळे वाटतं सगळं ठीक आहे. पण वेल्डमध्ये बारीक क्रॅक असेल आणि प्रेशर वरखाली होत असेल तर प्रत्येक सायकलला क्रॅकच्या टोकाशी ऑक्साइड नसलेला ताजा धातू उघडा पडतो, तिथे हायड्रोजनचा रेणू फुटून अणू आत शिरतात, टोकापुढच्या ताणलेल्या भागात जमतात आणि क्रॅक हवेत सरकली असती त्याच्या दहापट, कधी त्याहून जास्त सरकते. बेकिंगचा इथे उपयोग शून्य, बाहेरून गॅस येतच राहतो ना.

अजून एक, सायकल जितकी सावकाश तितकं दर सायकलमागचं नुकसान सहसा जास्त, कारण हायड्रोजनला आत जायला वेळ मिळतो. लॅबमध्ये भराभर सायकल मारून काढलेला आकडा म्हणूनच फसवा असू शकतो, पाइपलाइनचं प्रेशर तर दिवसातून एखाद-दोनदाच हलतं. प्रेशरचा चढउतार अगदी लहान ठेवला तर मात्र क्रॅकचा वेग हवेतल्यासारखाच राहतो, हा मोठा दिलासा आहे आणि डिझाइनवाल्यांनी तो वापरावा.

तेव्हा हायड्रोजन लाइनच्या कागदांत नुसतं हार्डनेस सर्टिफिकेट दिसलं तर क्रॅक ग्रोथ टेस्ट हायड्रोजनमध्येच केली का आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीला (किती वेगाने सायकल मारून), एवढं विचाराच.