हलका हिच घ्यायचाय? आधी वजन कुठं पडतंय ते बघा

जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरून निघालेला ट्रेलर बघितला असंलच तुम्ही, नसंल तर सोलापूर-धुळे हायवेला पवनचक्कीचं पातं घेऊन मुंगीच्या पावलानं चाललेलं धूड तरी बघितलं असंल. पुढचा घोडा (म्हणजे इंजिन-केबिनवाली गाडी) वेगळा, मागचा ट्रेलर वेगळा, अन् दोघांना धरून ठेवणारी ती ग्रीसनं काळीकुट्ट झालेली प्लेट म्हणजे फिफ्थ व्हील. प्लेटच्या मधोमध खाच असते, ट्रेलरच्या पोटाखाली दोन इंच जाडीची किंगपिन लटकत असते (लई जड मालाच्या ट्रेलरला साडेतीन इंचाची), घोडा रिव्हर्स घेतला की पिन खाचेतून आत सरकते, जबडा मिटतो, काम झालं. १९१४ मध्ये डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहारानं एका गिऱ्हाइकाची बोट न्यायला फोर्डच्या मॉडेल टी मागं असा अर्धा लटकणारा ट्रेलर जोडून दिला, त्या धंद्याची वाढ तिथून धरतात.

आपल्याकडं हे फक्त मोठ्या गाड्यांना असतं. अमेरिकेत मात्र घरचा पिकअप ट्रक असतो त्याच्या हौद्यातच छोटा फिफ्थ व्हील हिच (म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड) बसवतात अन् मागं बेडरूम-किचनवालं अख्खं घर ओढत नेतात. आमचा एक भाचा टेक्सासला आहे, त्यानं असलंच घर घ्यायचं ठरवलंय अन् त्याचा मेसेज आला, मामा लोखंडी हिच शंभर किलोच्या घरात जातोय आणि अल्युमिनियमचा १६ किलोचा मिळतोय, हलकाच घेतो ना? उत्तर हो किंवा नाही एवढ्यात बसण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

हिच किती किलोचा हा प्रश्न नंतरचा. ट्रेलरचं वजन गाडीच्या मागच्या एक्सलपासून किती लांब पडतं हा पहिला. ज्यानं बैलगाडीत कडबा भरलाय त्याला हे सांगायची गरज नाही, माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं अन् बैलांच्या मानेला फास बसायला लागतो. पिकअपच्या बंपरला बॉल (ट्रेलरचं तोंड ज्यावर टेकतं तो लोखंडी गोळा) लावून ट्रेलर ओढला की हेच होतं. समजा बॉल मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागं आहे, त्यावर ५०० किलो टेकलंय आणि दोन्ही एक्सलमधलं अंतर ३.६ मीटर आहे, तर पुढच्या चाकांवरचं १६७ किलो वजन उचललं जातं आणि मागच्यावर ५०० नाही तर ६६७ पडतं. स्टेअरिंग पुढच्या चाकाला असतं, तेच हलकं झालं तर गाडी वळणार कशी? आता फिफ्थ व्हील घ्या, तो एक्सलच्या बरोबर वर किंवा ५ सेंटीमीटर पुढं बसतो. त्यावर दुप्पट म्हणजे १००० किलो ठेवलं तरी पुढची चाकं हलकी होत नाहीत, उलट १४ किलो जास्तच दाबली जातात.

डोलण्याचंही तसंच. कडेनं वारं आलं, बाजूनं मोठी बस गेली की ट्रेलर शेपूट हलवतो, आणि जोड एक्सलच्या मागं असला की तो धक्का त्या १.२ मीटरच्या तरफेनं गाडीचं बूड ढकलतो, गाडी वाकडी होते, ती वाकडी झाली की ट्रेलर अजून हलतो, स्पीड जास्त असला तर हे वाढतच जातं. जोड एक्सलवर आणला की तरफच उरत नाही, ट्रेलरनं ढकललं तरी गाडीला फिरवायला त्याला काही हातात सापडत नाही. हा सगळा फायदा जागेचा आहे बरं का, त्यात धातूचा काही संबंध नाही, लोखंडी हिच असो की अल्युमिनियमचा.

मग १६ किलोचा हिच एवढा हलका होतो कसा? बऱ्याच जणांना वाटतं अल्युमिनियम म्हणून. अर्धंच खरं. अल्युमिनियमची घनता २.७ अन् लोखंडाची ७.८५, म्हणजे साधारण एक तृतीयांश, पण त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच आहे. तेवढ्याच जाडीची पट्टी घेतली तर ती तिप्पट वाकंल. पट्टीचा ताठपणा मात्र जाडीच्या घनाप्रमाणं वाढतो, म्हणून जाडी दीडपट केली की ती लोखंडाच्या बरोबरीला येते अन् वजन तरी जवळपास निम्मंच राहतं. म्हणजे नुसता धातू बदलून शंभराचे पन्नास होतील, सोळा नाही. बाकीची बचत रचनेतून येते. अँडरसन कंपनीचा जो हलका हिच तिकडं चालतो त्यात हौद्यात आडवे टाकायचे लोखंडी रूळ नाहीत, जड जबडा नाही, नुसती चार पायांची पिरॅमिडसारखी चौकट, तिच्या टोकाला बॉल, आणि ट्रेलरच्या किंगपिनवर एक टोपी कायमची आवळून बसवायची जी त्या बॉलवर येऊन टेकते. तिरक्या पायांत जोर पायांच्या लांबीनं जातो, वाकवायला फार उरत नाही, म्हणून कमी धातूत भागतं. पण ही चौकट ज्या गूजनेक बॉलला (हौद्याच्या तळाला मधोमध बसवलेल्या बॉलला) आवळायची तो बॉल आणि त्याच्याखालची चॅसिसला बोल्ट केलेली पट्टी कुठं जाते? ती गाडीखालीच असते, तिचंही वजन गाडीवरच, ब्रोशरमधल्या १६ किलोत ते धरलेलं नसतं.

आता किलोचा हिशोब. फिफ्थ व्हील ट्रेलरच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग पिनवर येतो, बंपरच्या बॉलवर १० ते १५. साडेतीन टनाचा ट्रेलर घ्या, पिनवर २० टक्के म्हणजे ७०० किलो. तिकडच्या लहान पिकअपची भारक्षमता साधारण ७०० ते ९०० किलो असते (ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर आकडा छापलेलाच असतो, सेल्समनला विचारायचं कामच नाही). आपण मधला ८०० धरू. त्यात ७०० पिनचे, नवरा-बायको दोन पोरं अन् त्यांचं सामान मिळून २५०, झाले ९५०. हिच जोडायच्या आधीच गाडी दीडशे किलोनं ओव्हरलोड. हलक्या हिचनं ८४ किलो वाचवले तरी ही गाडी बसत नाही. जिथं हिशोब थोडक्यात चुकत असंल तिथंच ८४ किलो कामाचे. माझं मत विचाराल तर हलक्या हिचचा खरा फायदा वेगळाच आहे, एकट्या माणसाला तो हौद्यातून उचलून बाजूला ठेवता येतो अन् पिकअप परत सामान भरायला मोकळा होतो. शंभर किलोचं लोखंड एकट्यानं उतरवायला गेलं तर कंबर जाते, मग ते वर्षभर हौद्यातच पडून राहतं.

ताकदीची भीती उगं घेऊ नका. ५० मिलिमीटर पिनचा काप काढला तर १९६३ चौरस मिलिमीटर भरतो. पाच टनाच्या ट्रेलरनं करकचून ब्रेक लागल्यावर पिनला २५ किलोन्यूटनचा धक्का दिला तरी दर चौरस मिलिमीटरला पावणेतेरा न्यूटन पडतात, अन् साधं लोखंडसुद्धा असा आडवा कापणारा जोर साधारण १४५ पर्यंत झुकल्याशिवाय सोसतं. म्हणून एका धक्क्यात काही तुटत नाही. त्रास होतो तो लाखो छोट्या धक्क्यांचा. लोखंडावर ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते थकत नाही, अल्युमिनियमला अशी मर्यादा नसते, ताण छोटा असला तरी त्याची उधारी साठत जाते, म्हणून जोडाजवळ बारीक चीर दिसते का हे अल्युमिनियमवाल्यानं बघतच राहावं लागतं.

दुसरी अडचण हौद्याच्या लांबीची. ट्रेलर अडीच मीटरपेक्षा थोडा रुंदच असतो, म्हणजे मधल्या पिनपासून त्याचा कोपरा किमान १.३ मीटर. काटकोनात वळताना पिन अन् केबिनची मागची काच यात त्याहून कमी अंतर असलं तर कोपरा काचेत. आखूड हौद्याच्या गाडीत हे होतं, म्हणून तिथं मागंपुढं सरकणारा हिच घेतात, अन् तो काही हलका नसतो. असल्या ट्रेलर-घराचं नाक कापून कोपरे गोल केलेले असतात ते यासाठीच.

अन् जोडणी. जालन्यात कारखान्याच्या गेटाबाहेर एकदा बघितलं, ड्रायव्हरनं घोडा मागं घेतला, खट् असा आवाज आला, तरी खाली उतरून क्लीनरला म्हणाला, "ए बारक्या, बॅटरी मार खालून." पोरगं चाकाखाली वाकलं, "भेटला वस्ताद, मागून जबडा मिटलाय." मग त्यानं प्लेट अन् ट्रेलरच्या मधून उजेड दिसतो का ते स्वतः बघितलं, कारण पिन जबड्याच्या वरच बसली असली तरी खट् होऊ शकतं, अन् मध्ये फट राहते. नंतर ट्रेलरचा ब्रेक लावून घोडा हळूच पुढं ओढून बघितला, अन् मगच ट्रेलरचे पाय वर घेतले. हिच १६ किलोचा असला तरी एवढं सगळं करायचंच, बॉलवाल्यात जबड्याऐवजी टोपी बॉलवर पूर्ण बसून तिचा लॉक लागला का ते बघायचं.

एक स्वस्त वाट भाच्याला मी सरळ नको म्हणालो. किंगपिनला लांब नळकांडं जोडून ते थेट हौद्यातल्या बॉलवर टेकवायचं, हिचच नको, अशी अडॅप्टर मिळतात. पण खेचणारा जोर ट्रेलरच्या चौकटीपासून आणखी बराच खाली गेला की ब्रेक लागताना चौकटीला तेवढी जास्त पिळ बसते, अन् ट्रेलर बनवणारे अशी जोडणी केली तर कित्येकदा वॉरंटीच धरत नाहीत. पिरॅमिडवाल्यात बॉल वर असतो म्हणून हा त्रास कमी, तरी आपल्या ट्रेलरवाल्याकडून लेखी घ्यावं. बसवल्यावर पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरला बोल्ट टॉर्क रेंचनं परत आवळायचे, अन् अल्युमिनियमला लोखंडी बोल्ट जिथं लागतो तिथं ओल धरून राहू द्यायची नाही, दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी शिरलं की खाल्लं जातं ते अल्युमिनियमच.