किशोरवयीन गर्भवती, त्यांचे जोडीदार आणि माइंडफुलनेस प्रशिक्षण : पार्श्वभूमी

किशोरवयात गरोदर राहिलेली मुलगी आणि तिचा जोडीदार यांना एकत्र बसवून माइंडफुलनेस (चालू क्षणातील श्वास, शरीर व मन यांकडे न झगडता लक्ष देणे) शिकवावे, हा विचार तसा अलीकडचा आहे. ज्या दोन प्रवाहांतून तो आला, ते दोन्ही प्रौढांसाठी घडले होते. १९५१ च्या सुमारास एका फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने सोव्हिएत संघात पाहिलेली श्वसनाची व शरीर सैल सोडण्याची पद्धत पॅरिसमध्ये आणली आणि तिच्या प्रसाराबरोबर पाश्चात्त्य देशांत पतीचा प्रसूतिकक्षात प्रवेश झाला. दुसरा प्रवाह १९७९ साली अमेरिकेतील वुस्टर येथे, जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी भरवलेल्या काही आठवड्यांच्या माइंडफुलनेस वर्गातून निघाला. त्यातील श्वासाचे व शरीराचे निरीक्षण बव्हंशी बौद्ध ध्यानपरंपरेतून घेतलेले होते. त्याच परंपरेतील विपश्यनेचे इगतपुरीचे केंद्र १९७६ पासून चालू आहे, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच.

हे दोन प्रवाह १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात एका सुईण-परिचारिकेच्या वर्गात एकत्र आले. नऊ आठवडे, दर आठवड्याला तीन तास, रोजचा घरचा सराव, मध्ये एक पूर्ण दिवस मौन आणि बाळंतपणानंतर बाळांसह पुन्हा एक बैठक, अशी त्याची रचना होती. त्यातील एक सराव आजही बहुतेक ठिकाणी घेतला जातो. दोघांनी बर्फाचा खडा सुमारे मिनिटभर मुठीत धरायचा, झोंबणाऱ्या गारठ्याशी न झगडता श्वासाकडे लक्ष ठेवायचे आणि मग मूठ सोडून विसावायचे. कळ येते, ओसरते आणि मध्ये विसावा मिळतो, ही गोष्ट त्यातून हाताला कळते. मात्र असा वर्ग करायला आठवड्याची एक मोकळी संध्याकाळ लागते, घरी स्वतंत्र खोली लागते आणि सोबत येणारा जोडीदार लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीकडे यांपैकी काय असते, हा प्रश्न सुरुवातीला फारसा कोणी विचारला नाही.

पुढे किशोरवयीनांसाठी बैठका आणि घरचा सराव आटोपशीर करण्यात आले व दिवसभराचे मौन अनेक ठिकाणी वगळले गेले. परंतु मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे नव्हते. इंग्लंडमध्ये वीस वर्षांखालील प्रथम-मातांच्या घरी परिचारिका नियमितपणे पाठवण्याची योजना २००७ पासून राबवली गेली. ती माइंडफुलनेसची नव्हती, पण वयोगट तोच होता. २०१५ च्या मूल्यमापनात गरोदरपणातील धूम्रपान, बाळाचे जन्मवजन, लवकरचे दुसरे गरोदरपण अशा मुख्य निकषांवर तिचा परिणाम दिसला नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधील शाळांत ११ ते १४ वयोगटासाठी सरसकट घेतलेल्या माइंडफुलनेस तासांबाबतही असेच आढळले. हे निष्कर्ष गरोदर मुलींना जसेच्या तसे लागू करणे रास्त नाही. तरीही सर्वांना एकच वर्ग पुरेल, ही समजूत त्यांनी ढिली केली.

भारतात मुख्य अडचण अभ्यासक्रमाची नसून जोडीदाराच्या कायदेशीर स्थानाची आहे. लैंगिक संबंधांसाठी संमतीचे वय १९४० पासून १६ होते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या (पॉक्सो) विधेयकाच्या मूळ मसुद्यात १६ ते १८ वयातील संमतीला वाव होता. संसदीय समितीने तो काढून टाकण्याची शिफारस केली आणि १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झालेल्या पॉक्सो कायद्यात १८ ही सरळ रेषा आखली गेली. शोषण झालेल्या मुलीला ‘तुझीही संमती होती’ असे कोणी म्हणू नये, हा त्यामागचा युक्तिवाद वजनदार होता आणि आहे. पण त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा ज्याला कळला त्या प्रत्येकाने तो कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परिणामी सतरा वर्षांची गरोदर मुलगी जोडीदाराला समुपदेशनासाठी घेऊन आली, तर समुपदेशकापुढे बसलेला तो मुलगा त्याच क्षणी संभाव्य आरोपी ठरतो. ११ ऑक्टोबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १८ वर्षांखालील पत्नीच्या पतीला बलात्काराच्या आरोपापासून असलेले संरक्षणही गेले. हा निकाल आवश्यकच होता. मात्र जोडप्याला एकत्र बोलावणाऱ्या कोणत्याही आरोग्यसेवेची कोंडी त्याने वाढवली, याची चर्चा मात्र अभावानेच झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव कळवण्यातून डॉक्टरांना सूट दिली. गर्भ वाढवू इच्छिणारीला त्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या वेळी १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली माता झालेल्या किंवा गरोदर होत्या. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्याचा विषय आहे, पण गरोदर जोडप्यासाठी वेगळी बैठक नाही. रिवाजही आड येतो. पहिले बाळंतपण माहेरी असल्याने अखेरच्या आठवड्यांत नवरा जवळ नसतो. २०१६ च्या केंद्रीय सूचनांनी प्रसूतिकक्षात सोबतीण मान्य केली, पतीला मात्र जिथे आडोसा आहे तिथेच. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, म्हणून बीडसारख्या भागांत लग्ने लवकर उरकली जातात, आणि हंगाम लागला की ते जोडपे कारखान्याच्या तळावर जाते. नऊ आठवडे एका गटात बसणे त्यांना जमणारे नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये विधी आयोगाने संमतीचे वय १८ च ठेवावे आणि १६ ते १८ वयातील प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयांना मर्यादित विवेकाधिकार द्यावा, अशी शिफारस केली. हा विवेकाधिकार खटला उभा राहिल्यावरचा आहे. समुपदेशकावरील कळवण्याचे बंधन त्याने हलके होत नाही.